असुकेला राहायला जाताय? मग आधी फॉर्म कुठला ते बघा

जपानमधल्या तोयोता सिटीतून असुकेला शिफ्ट होणाऱ्यांचा हमखास घोळ म्हणजे, आपण दुसऱ्या गावी चाललोय असं समजून आधी तेंशुत्सुचा, म्हणजे शहर सोडल्याचा दाखला मागायला जातात. गरज नाही हो! असुके अगदी डोंगरातलं गाव वाटतं, तिथल्या कोरांकेइ दरीतले लाल मॅपल बघायला नोव्हेंबरात गाड्यांची ही रांग लागते, पण १ एप्रिल २००५ ला ते फुजिओका, ओबारा, शिमोयामा, आसाही आणि इनाबूसोबत तोयोतात विलीन झालं, त्यामुळे कागदोपत्री तुम्ही शहरातल्या शहरातच घर बदलताय. फक्त तेंक्यो तोदोके, म्हणजे शहरातल्या शहरात पत्ता बदलल्याचा फॉर्म भरायचा.

नागोयाहून वगैरे येत असाल तर मात्र आधी तिथल्या वॉर्ड ऑफिसात तेंशुत्सु करून दाखला घ्या आणि मग इकडे तेंन्यू तोदोके, म्हणजे नव्या शहरात राहायला आल्याचा फॉर्म. माय नंबर कार्ड (सरकारी ओळख क्रमांकाचं कार्ड) असेल तर तेंशुत्सु ऑनलाइन होतं, चक्कर वाचते.

दोन्हीत मुदत एकच, राहायला आल्यापासून १४ दिवस. सामान यायच्या आधीच जाऊन उपयोग नाही, घेत नाहीत. आणि "बघू नंतर" करू नका, आपल्यासारख्या परदेशी लोकांना २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो आणि ९० दिवस कळवलंच नाही तर व्हिसावर गदा येऊ शकते.

सोबत घरातल्या सगळ्यांची झाइर्यू कार्डं, म्हणजे परदेशी रहिवाशांची ओळखपत्रं (पोराबाळांचीही), माय नंबर कार्डं आणि त्यांचा चार आकडी पिन, तीनदा चुकला की लॉक. बाहेरून नव्याने येताना बायको-मुलांचं नातं दाखवायला मॅरेज आणि बर्थ सर्टिफिकेट जपानी भाषांतरासकट ठेवा, मराठीतला दाखला तिथं कोण वाचणार. घरातलं कुणीही एक जण गेलं तरी चालतं, बाहेरच्याला पाठवायचं तर इनिंजो, म्हणजे अधिकारपत्र लागतं.

असुकेच्या जुन्या टाउन हॉलच्या जागी आता तोयोता सिटीचं शाखा ऑफिस आहे, जायच्या आधी फोन करून तुमचं काम तिथं होतं का विचारा.

पत्ता लिहिताना एक बघा, आमच्या घरमालक आजींनी भाडेकरारावर सवयीने "हिगाशिकामो-गुन, असुके-चो" लिहिलं होतं, तो जिल्हा विलीनीकरणातच गेला, आता "तोयोता-शी, असुके-चो". झाइर्यू कार्डामागे नवा पत्ता आला की तेच कार्ड घेऊन पोलीस स्टेशनात लायसन्सवरचा पत्ताही बदलून घ्या.