नियम टाकला आणि मिनिटात गायब? (फायरवॉलचा एपीआय, म्हणजे स्क्रिप्टमधून तिला हुकूम देण्याची सोय, वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

"स्क्रिप्ट चालवली, नियम लागला, चहा घेऊन आलो तर नियम गायब!" असा फोन वरचेवर येतो. फायरवॉल बिघडलेली नसते. तिला सांगितलेलंच ती करते.

आम्ही बसवलेल्या ओपीएनसेन्स फायरवॉलसाठी दिलेली नमुना स्क्रिप्ट आधी 'सेव्हपॉइंट' (चालू नियमांची नोंद) घेते, मग नियम टाकते आणि सेव्हपॉइंटचा क्रमांक देऊन 'अप्लाय' (नियम लागू) करते. तिथून 60 सेकंद मोजायला सुरुवात. तेवढ्यात 'कॅन्सल रोलबॅक' (मागे जाऊ नको, असा हुकूम) पोचलं नाही, तर फायरवॉल जुन्या नियमांवर परत जाते.

एवढं फोनवर सांगितलं की बरेच जण अप्लायच्या खालच्याच ओळीत कॅन्सल रोलबॅक चिकटवून मोकळे होतात. नियम टिकतो, पण खरा घोळ इथेच होतो.

कागल एमआयडीसीतल्या एका कारखान्यात असंच झालं. शाखेला टॅलीच्या सर्व्हरवर येऊ द्यायचं होतं. अडवणारा नियम चुकून वर बसला (वरचा नियम आधी लागतो) आणि फायरवॉलच्या स्वतःच्या पानाचीही वाट बंद झाली. स्क्रिप्टला मात्र सगळं 'ओके' दिसलं, कारण आधीपासून चालू असलेली जोडणी फायरवॉल नव्या नियमानंतरही चालू ठेवते. त्याच जोडणीवरून कॅन्सल गेलं. सकाळी कुणालाच लॉगिन होईना. आमचा मुलगा भर पावसात कन्सोल केबल घेऊन कोल्हापुरातून मोटरसायकलवर गेला.

म्हणून अप्लाय झाल्यावर पाचदहा सेकंद थांबा. मग नवी जोडणी उघडा, जुनं सेशन वापरू नका. साधीशी माहिती मागून बघा. उत्तर आलं तरच कॅन्सल पाठवा. नाही आलं तर काही करू नका, मिनिटभरात सगळं पूर्ववत होईल.

जाता जाता: उत्तरात 200 (विनंती ठीक, असा वेबचा कोड) आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. आयपी पत्ता चुकीचा लिहिला तरी 200च येतं, उत्तराच्या मजकुरात 'फेल्ड' असतं. 'सेव्ह्ड' आहे का ते वाचा.

"स्क्रीनवर बटण दाबलं की लगेच लागतं, मग ही कटकट कशाला?" असंही ऐकवतात. स्क्रीनसमोर माणूस बसलेला असतो हो. स्क्रिप्ट रात्री दोनला एकटीच चालते. या 60 सेकंदांबाबत आम्ही हट्टी आहोत, आणि राहू.

नव्या जोडणीची तपासणी घातलेली सुधारित स्क्रिप्ट आता तयार आहे. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना ती मोफत बसवून देतो, तीही लांबूनच. बाकीच्यांना एका भेटीच्या आकारापेक्षा कमीत.

अडचण आली तर तुमची स्क्रिप्ट पाठवा, पण त्यातली की आणि सीक्रेट (एपीआयचं लॉगिन आणि पासवर्डच ते) आधी काढून टाका. मागच्या महिन्यात दोघांनी ती व्हॉट्सॲपवर जशीच्या तशी पाठवली होती. दोघांच्याही की आम्हाला रद्द करून नव्या काढाव्या लागल्या.