वायफाय जाम झालंय की कुणी हाकलून देतंय?

ऑफिसचं वायफाय सारखं तुटायला लागलं आणि कुणी मुद्दाम करतंय असा संशय आला, की सगळे ‘जॅमिंग’ म्हणून मोकळे होतात. पण या एका शब्दाखाली दोन वेगळे हल्ले येतात: खरं जॅमिंग आणि डीऑथ. एकावरचा इलाज दुसऱ्यावर अजिबात चालत नाही, म्हणून खरेदीआधी निदान करा.

जॅमिंग म्हणजे हवेतला रेडिओ लहरींचा गोंगाट. वायफायचं यंत्र बोलण्याआधी चॅनेल मोकळा आहे का ते ऐकतं. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर साधारण उणे ६२ डीबीएमपेक्षा (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जोर जास्त) जोराचा कुठलाही आवाज असला, की ते गप्प बसतं. आवाज थांबलाच नाही तर त्याची पाळीच येत नाही. पासवर्डाचा इथे संबंध नाही.

डीऑथमध्ये गोंगाट नसतो, खोटा निरोप असतो. ॲक्सेस पॉइंटचा, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याचा, मॅक पत्ता (यंत्राची ओळख) लावून कुणीतरी लॅपटॉपला ‘तुझी जोडणी संपली’ अशी फ्रेम, म्हणजे छोटा संदेश, पाठवतं. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षा पद्धतीत ही फ्रेम सहसा उघडीच, खरेखोटेपणा न तपासता, जाते. तुमचा पासवर्ड ४० अक्षरी असला तरी लॅपटॉप मुकाट्याने बाहेर पडतो.

फरक दिसतो तो असा. डीऑथमध्ये नेटवर्कचं नाव आणि सगळ्या कांड्या जागेवर असतात, फक्त जोडणी तुटते, जुळते, पुन्हा तुटते. जॅमिंगमध्ये नावच गायब होतं, किंवा पिंगचा वेळ (निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा) भलताच वाढतो; ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगच्या पानावर जोडलेली माणसं चारच पण चॅनेल ९० टक्के व्यस्त, आणि एरवी उणे ९५च्या आसपास असणारा नॉइज फ्लोअर (हवेतल्या गोंगाटाची नेहमीची पातळी) वर चढलेला. खात्रीसाठी वायफाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकणाऱ्या) ठेवून वायरशार्क हे फ्रेम तपासणारं सॉफ्टवेअर लावा. सबटाइप १२च्या, म्हणजे डीऑथच्या, फ्रेम सेकंदाला डझनांनी येत असतील आणि त्यांची सिग्नल पातळी त्याच ॲक्सेस पॉइंटच्या बीकनशी (नेटवर्कचं नाव सतत जाहीर करणाऱ्या फ्रेमशी) जुळत नसेल, तर त्या दुसरीकडून येताहेत. अधूनमधून एखादी दिसली तर घाबरू नका, ॲक्सेस पॉइंट स्वतःही पाठवतो.

मे २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑससर्ट या सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर केलेली त्रुटी या दोहोंच्या मधली होती. साध्या वायफाय कार्डानेच ८०२.११बी या जुन्या वायफाय मानकाच्या उपकरणांना चॅनेल सतत व्यस्त भासवता येत होता.

डीऑथवर इलाज आहे: पीएमएफ, म्हणजे अशा फ्रेम खऱ्या आहेत का ते तपासणारं २००९चं ८०२.११डब्ल्यू मानक. डब्ल्यूपीए२नंतरच्या डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचंच आहे. सेटिंग ‘ऑप्शनल’ ठेवलंत तर पीएमएफ न येणारी जुनी उपकरणं उघडीच राहतात. ‘रिक्वायर्ड’ केलंत तर जुने प्रिंटर, बारकोड स्कॅनर जोडलेच जाणार नाहीत. त्यांना वेगळं नेटवर्क द्या. शेजारच्या ऑफिसला त्यांच्या वायफाय कंट्रोलरमधलं ‘रोग कंटेनमेंट’ही (rogue containment: परक्या वायफायवरची उपकरणं डीऑथ पाठवून तोडणारी सोय) तपासायला सांगा. अमेरिकेत नॅशव्हिलच्या हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट असेच तोडल्याबद्दल मॅरियटला २०१४ मध्ये ६ लाख डॉलर भरावे लागले.

जॅमिंगवर पीएमएफ निरुपयोगी. आधी ५ गिगाहर्ट्झवर जाऊन बघा, बरेचदा गोंगाट २.४ वरच असतो आणि दोषी पँट्रीतला मायक्रोवेव्ह निघतो. सीसीटीव्ही, कार्ड मशीन आणि जागचे न हलणारे संगणक केबलवर घ्या. भारतात परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे. तक्रारीसोबत वेळ, चॅनेल आणि नॉइजचे आकडे लिहून द्या.