मल्टिजेट १.३ डिझेल इंजिन

मल्टिजेट १.३ : फियाट या इटालियन कंपनीने जनरल मोटर्सच्या भागीदारीत घडवलेले चार सिलिंडरचे छोटे डिझेल इंजिन. २००३ मध्ये ते फियाट पुंटो या गाडीत पहिल्यांदा आले. कारखान्यातले त्याचे नाव ‘एसडीई’, म्हणजे नुसते ‘छोटे डिझेल इंजिन’. बाजारात मात्र ज्याने घेतले त्याने त्याचे नवे बारसे केले. फियाटने मल्टिजेट म्हटले, सुझुकीने डीडीआयएस, ओपेलने सीडीटीआय, टाटांनी क्वाड्राजेट आणि शेवरोलेने स्मार्टेक. भारतात मारुती, टाटा, फियाट, शेवरोले आणि प्रीमियर अशा पाच कंपन्यांच्या गाड्यांत ते बसले. मोटारींवर लिहिणाऱ्यांनी त्याला अर्धे गमतीने, अर्धे कौतुकाने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटले ते यामुळेच. महाराष्ट्रात ते रांजणगावला बनत होते आणि त्याचे एक तीन सिलिंडरचे भावंड तळेगावला.

पूर्वपीठिका : १९८० च्या दशकात फियाटने क्रोमा या गाडीत थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे टर्बो (धुराच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) डिझेल इंजिन बसवले. प्रवासी मोटारीत अशी रचना तेव्हा नवीन होती. इंधन वाचले, पण आवाज ट्रकसारखा. हा खडखडाट कमी कसा करायचा, या प्रश्नातून ‘कॉमन रेल’ची कल्पना पुढे आली.

जुन्या पद्धतीत पंप प्रत्येक फवाऱ्यासाठी नव्याने दाब तयार करी, आणि इंजिन हळू फिरत असले की दाबही कमी पडे. कॉमन रेलमध्ये पंपाचे काम एकच, एका जाड पोलादी नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली भरून ठेवायचे. इंधन फवारणारे चारही इंजेक्टर त्याच नळीला जोडलेले. कोणता इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा, हे संगणक ठरवतो. इंजिन आळसावून फिरत असो की जोरात, दाब तयारच असतो. फियाटच्या संशोधन केंद्राने आणि मॅग्नेती मारेल्ली या तिच्या घरच्या कंपनीने हे तंत्र बरेच पुढे नेले. पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायची वेळ आली तेव्हा, १९९४ च्या सुमारास, फियाटने ते बॉश या जर्मन कंपनीला विकून टाकले. मोटार उद्योगाच्या इतिहासातल्या घाईच्या सौद्यांमध्ये हा वरच्या क्रमांकावर बसावा. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल असलेली पहिली प्रवासी मोटार बाजारात आली खरी, पण पुढची वर्षानुवर्षे जगभरच्या डिझेल गाड्यांना हे सामान बॉश पुरवत राहिली.

फियाटकडे उरली ती पुढची पायरी. पहिल्या कॉमन रेल इंजिनांत प्रत्येक वेळी दोन फवारे असत, एक छोटा आणि एक मुख्य. मल्टिजेटमध्ये मुख्य फवाऱ्याचेही तुकडे केले आणि एका आवर्तनात पाचपर्यंत फवारे शक्य झाले. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या तापलेल्या हवेत ते आपोआप पेटते, पण पेटायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात आत साठलेले सगळे डिझेल एकदम पेटले की ‘खट्’ असा ठोका बसतो. चुलीत आधी काटक्या पेटवून मग लाकूड सरकवावे, तसा पहिला थेंब आत ऊब आणतो आणि बाकीचे डिझेल दमादमाने जळते. मिनिटाला २००० फेऱ्यांवर एका सिलिंडरला मिनिटात १००० वेळा डिझेल लागते. पाच फवारे धरले तर चार सिलिंडरचे मिळून वीस हजार होतात, आणि प्रत्येक फवारा मोजून-मापून.

रचना : क्षमता १२४८ घन सेंटिमीटर, सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ८२ मिलिमीटर. (१२४८ ला १.३ लिटर म्हणणे हे जरा उदार गणित आहे. १.२ लिहिले असते तर कुणी हरकत घेतली नसती.) ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह. लांबी पन्नास सेंटिमीटरच्या आत आणि वजन साधारण १३० किलो, त्यामुळे पांडासारख्या चिमुकल्या गाडीच्या बॉनेटखालीही ते मावले. सुरुवातीची ताकद ७० अश्वशक्ती होती. २००५ मध्ये त्याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ स्पर्धेत १ ते १.४ लिटर गटाचा पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये मल्टिजेटची दुसरी पिढी आली आणि फवाऱ्यांची संख्या आठपर्यंत गेली.

इंजिनाच्या दोन जाती भारतात गाजल्या. एकीत साधा टर्बो आणि ७५ च्या आसपास अश्वशक्ती, जशी स्विफ्टमध्ये. दुसरीत पाती हलवून धुराचा झोत बदलणारा टर्बो आणि ९० अश्वशक्ती, जशी लिनिया, एसएक्स४, अर्टिगा यांमध्ये. ताकदवान जात कागदावर सरस, पण शहरात चालवायला साधीच बरी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील आणि ते चुकीचे नाहीत. कारण टर्बोचा उशीर. घाटात पुढे ट्रक आला, वेग मोडला, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा १५०० वर आला की गाडी जणू पेंगते. अॅक्सिलरेटर दाबा, काही होत नाही. खाली दुसरा गिअर टाका, काटा दोन हजारच्या पुढे जाऊ द्या, आणि मग पाठीमागून कुणी ढकलावे तशी गाडी उसळते. ९० अश्वशक्तीच्या इंजिनात ही पेंग आणि ही उसळी दोन्ही जास्त. या इंजिनाशी जमवून घेणे म्हणजे काटा दोन हजारच्या खाली पडू न देणे.

टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवण्यासाठी, यात पट्ट्याऐवजी साखळी आहे. पट्टा ठरावीक किलोमीटरना बदलावा लागतो, साखळी इंजिनाच्या आयुष्याला पुरावी, असा हिशेब. पण साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी झाले किंवा बदलायचे राहून गेले की साखळी सैल पडते आणि झिजते. जाणता मेकॅनिक म्हणून ही गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच बघायला मागतो. चावी फिरवल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळीच्या बाजूने खुळखुळ ऐकू आली, की तो बॉनेट न उघडताच मान हलवतो. साखळीने दात सोडला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर तुटतात आणि खर्च मोठा होतो.

भागीदारी : फियाट आणि जनरल मोटर्स यांनी २००० मध्ये इंजिनांसाठी संयुक्त कंपनी काढली होती. एसडीई तिचेच अपत्य. पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा येथे त्याचे मुख्य उत्पादन होते. २००५ मध्ये दोघांनी काडीमोड घेतला. फियाटला पूर्ण विकत घेण्याच्या बंधनातून सुटण्यासाठी जनरल मोटर्सने सुमारे दोन अब्ज डॉलर मोजले. पण पोलंडचा कारखाना दोघांकडे राहिला आणि इंजिनही दोघेही वापरत राहिले. सुझुकीने परवाना घेतला, फोर्डने ‘का’ या गाडीसाठी इंजिन विकत घेतले.

भारतात : सुझुकीने हरियाणातील मानेसर येथे हे इंजिन बनवायला घेतले आणि जानेवारी २००७ मध्ये मारुती स्विफ्ट डिझेल आली. डिझेल म्हणजे टॅक्सी, धूर आणि थरथर हा समज मोडला तो बहुतांशी या गाडीने. त्यानंतर डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, आणि २०१६ मध्ये आलेली व्हिटारा ब्रेझा, जी पहिली चार वर्षे फक्त याच इंजिनात मिळत होती.

दुसरे केंद्र पुणे जिल्ह्यातले रांजणगाव. अष्टविनायकांतल्या महागणपतीचे हे गाव पुणे-नगर रस्त्यावर आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा मोटर्स यांचा संयुक्त कारखाना उभा राहिला. २००८ च्या इंडिका व्हिस्टामध्ये इथले इंजिन ‘क्वाड्राजेट’ म्हणून बसले. पुढल्या वर्षी फियाटच्या स्वतःच्या लिनिया आणि ग्रँड पुंटो आल्या. नंतर टाटांच्या मान्झा, झेस्ट आणि बोल्टमध्येही तेच इंजिन.

इंजिनाच्या यशात अभियांत्रिकीइतकाच वाटा करांचा आणि दरांचा होता. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. अट अशी की पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असावे. १२४८ सीसीचे तयार डिझेल या चौकटीत आरामात बसत होते. पुढे जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, डिझेलचे मात्र सरकारने धरून ठेवले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होते. ज्याचे रोजचे येणेजाणे दहा किलोमीटरचे, तोही डिझेल गाडीसाठी महिनोन् महिने थांबायला तयार झाला.

याच टंचाईतून एक गमतीदार करार झाला. २०११ मध्ये मानेसरला संप झाले, इंजिनांचा पुरवठा अडला, आणि जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने रांजणगावहून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने तीन वर्षे विकत घेण्याचा करार फियाटशी केला. म्हणजे स्विफ्टने पुंटोचे गिऱ्हाईक पळवायचे, आणि त्या स्विफ्टसाठी इंजिन पुंटोच्या कारखान्याने पाठवायचे. फियाटच्या गाड्यांची बांधणी दणकट आणि स्टिअरिंग उत्तम, हे तिचे टीकाकारही मान्य करत. पण विक्री आणि सर्व्हिसच्या बाबतीत मारुतीच्या जाळ्यापुढे तिचा टिकाव लागला नाही. इंजिन फियाटचे आणि नाव झाले ‘मारुतीच्या डिझेलचे’.

जनरल मोटर्सने याच घराण्यातला एक सिलिंडर कमी केला. १२४८ चे तीन चतुर्थांश म्हणजे ९३६ सीसी, आणि हेच इंजिन २०११ मध्ये शेवरोले बीट डिझेलमध्ये आले. ते पुण्याजवळ तळेगावला बनत होते. कुर्ल्याला वर्षानुवर्षे फियाटची पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीनेही २०१२ मध्ये आपल्या रिओ या छोट्या एसयूव्हीत १.३ चे इंजिन घातले. जुने नाते अशा आडवाटेने परत जुळले, पण रिओ फारशी खपली नाही.

मायलेजचे आकडे हा या इंजिनाचा खरा झेंडा होता. भारतात असे आकडे पुण्याची एआरएआय ही संस्था प्रमाणित करते. २०१५ मध्ये सियाझला छोटी विद्युत मोटर जोडून २८.०९ किलोमीटर प्रति लिटर हा आकडा आला. रस्त्यावर एवढे कुणाला मिळत नाही, पण हायवेवर वीस-बावीस मिळते हे डिझायरवाले शपथेवर सांगतात.

अखेर : ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही दर मोकळे झाले आणि पेट्रोलशी असलेली दरी बुजत गेली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराबाबतचे कडक नियम लागू होणार होते. छोट्या डिझेल इंजिनाला त्या मर्यादेत आणायचे, तर धुरातील काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अडवणारी महागडी यंत्रणा जोडावी लागणार होती. दहा-बारा लाखांच्या गाडीत हा खर्च निघेना. मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेल बंद करण्याचे जाहीर केले. तिने स्वतः बनवलेले १.५ लिटरचे नवे डिझेल इंजिनही त्यात गेले. रांजणगावातही १.३ चे उत्पादन थांबले.

त्याच रांजणगावात आता या घराण्याचे थोरले भावंड, दोन लिटरचे मल्टिजेट, बनते. १९९७ च्या अल्फा रोमिओतल्या १.९ लिटर इंजिनाचे ते सरळ वंशज. जीप कंपासमध्ये ते मल्टिजेटच आहे, टाटा हॅरियरमध्ये मात्र त्याचे नाव क्रायोटेक, आणि एमजीने हेक्टरसाठी तेच घेतले.