‘कमवा व शिका’ आणि इनक्युबेशन सेंटर: एकच नव्हे

साताऱ्यात प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, “कमवा व शिका आहे ना? मग ते इनक्युबेशन सेंटर वेगळं कशाला?” दोन्हींत पोरगं आपल्या पायावर उभं राहतं, एवढंच ऐकलेलं असतं.

‘कमवा व शिका’ योजना इथलीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राबायची, एका पंगतीला जेवायची. आज कामं ग्रंथालयात, ऑफिसात, प्रयोगशाळेत, बागेत. नोंदवहीत तास लिहायचे, सही घ्यायची, तासांप्रमाणे मानधन. त्यात मेसच्या बिलाला हातभार लागतो. काम कॉलेजचं, मिळणारे पैसे ठरलेले. जोखीम शून्य.

इनक्युबेशन सेंटर म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःचा उद्योग उभा करायला मदत करणारं केंद्र. इथे कल्पना तुमची आणि बुडाली तर तीही तुमचीच. सेंटर जागा, यंत्रं, मार्गदर्शक देतं. पेटंटपासून गुंतवणूकदारापर्यंत वाट दाखवतं. पगार मात्र देत नाही.

समजा, माण तालुक्यातल्या एका मुलीला बाजरीचं टिकाऊ पीठ विकायचंय. बाजरी दळली की पीठ काही दिवसांत कडू होतं, कारण दाण्यातली चरबी आणि ती फोडणारं विकर (एन्झाइम) दळताना एकमेकांत मिसळतात. दाणे आधी गरम पाण्यातून काढून वाळवले तर पीठ जास्त टिकतं. पण किती वेळ पाण्यात ठेवायचे, किती वाळवायचे? दर खेपेला पीठ ठेवून द्यायचं, वास घ्यायचा, आम्लता तपासायची. यात आठवडे जातात. तोवर मेसचं बिल कोण भरणार? शिवाय प्रयोगशाळा संध्याकाळी मोकळी होते आणि दहिवडीची शेवटची एसटी तिच्यासाठी थांबत नाही.

म्हणून सेंटरच्या उद्घाटनाच्या फोटोत बहुधा शहरातली, घरून खर्च भागणारी मुलं दिसतात. हुशारी कमी-जास्त म्हणून नव्हे. माझ्या मते या मुलीचे पिठावरचे तास ‘कमवा व शिका’च्याच नोंदवहीत धरावेत. भाऊराव स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले होते. त्यांना यात काही वावगं वाटलं नसतं.

नियमांची आडकाठी वाटते तेवढी नाही. केंद्राच्या २०१९ च्या विद्यार्थी-प्राध्यापक स्टार्टअप धोरणात उद्योजक विद्यार्थ्याला हजेरीत सवलत आणि शिक्षणात मध्येच खंड घ्यायची मुभा सुचवली आहे. संस्था सुविधांच्या बदल्यात विद्यार्थ्याच्या कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते, असंही त्यात आहे.

तेव्हा प्रवेश घेताना ‘कमवा व शिका’बद्दल विचारा: तासाला किती, आणि परीक्षेच्या काळात काम थांबतं का? सेंटरबद्दल: हिस्सा किती घेणार, हजेरीच्या सवलतीचा अर्ज कोणाकडे, वसतिगृहातल्या मुलींना प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी?