गौडाच्या देशात अमूलचा क्यूब

माझी भाची गेली सहा वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहते. तिथल्या बाजारात चीजच्या गाडीवर पिवळीधमक चाकं रचलेली असतात आणि विकणारा आधी विचारतो, किती मुरलेलं हवं? चार आठवड्यांचं ‘योंग’, चार महिन्यांचं ‘बेलेगन’, की वर्षाच्या आसपासचं ‘औद’? सुरीच्या टोकावर एक पापुद्रा चाखायलाही देतो. मी महिनाभर तिच्याकडे होते तेव्हा रोज नवं काहीतरी चाखलं आणि मनापासून आवडलं. तरी मी पुण्याहून निघायच्या आधी तिचा फोन आला होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. “मावशी, अमूलचे क्यूब आणता येतील का गं? सँडविचला इथलं काहीच लागत नाही.”

आणता येत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. पण ‘इथलं काहीच लागत नाही’ हे तिचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. गौडा आणि एडाम ज्यांनी जगाला दिलं त्या देशात राहून मुंबईच्या हातगाडीवरच्या चीजची आठवण का यावी? तिची जीभ हट्टी आहे एवढ्यानं उत्तर संपत नाही. त्या क्यूबमागे स्वित्झर्लंडमधला एक प्रयोग आहे, गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या म्हशी आहेत आणि मुंबईला एका हिवाळ्यात न संपलेलं दूध आहे.

महाराष्ट्रात चीज मुळात नव्हतंच. आपल्याकडे दूध विरजायचं, ताक घुसळायचं, लोणी कढवायचं, चक्का टांगायचा. गाय-म्हैस व्यायली की चिकाचा खरवस. पण चांगलं दूध मुद्दाम फाडायचं ही कल्पना आपल्या स्वयंपाकघराला परकी होती. दूध नासलं की घरात जीव हळहळायचा. मुंबईतल्या पारशी घरांत मात्र सुरतेकडून आलेलं टोपलीचं पनीर होतं, वेताच्या इवल्या टोपल्यांत थापलेलं, पाण्यात तरंगणारं, लुसलुशीत. बाकी मराठी घरांत साधं पनीरसुद्धा पंजाबी हॉटेलांच्या मार्गानं बरंच उशिरा शिरलं. आपली आणि चीजची खरी ओळख झाली ती डब्यातल्या चीजशी.

आणि डब्यातलं चीज जन्मालाच आलं होतं उष्ण देशांसाठी. साधं चीज जिवंत असतं. त्यात जिवाणू काम करत असतात, ते मुरत जातं आणि गरम हवेत त्याला तेल सुटतं, वास येतो, बुरशी धरते. एमेंटालसारखं चीज दूरच्या गरम मुलखात पोचावं कसं, हा स्विस व्यापाऱ्यांपुढचा प्रश्न होता. १९११ मध्ये थून गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज किसून, त्यात सोडियम सायट्रेट हा क्षार घालून, ढवळत तापवलं. एरवी चीज तापवलं की स्निग्धांश एकीकडे आणि चोथा दुसरीकडे होतो. सायट्रेट चीजमधलं कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे घट्ट आवळलेली प्रथिनं सैल होतात आणि तीच स्निग्धांशाला धरून ठेवतात. सगळं मऊसूत एकजीव होतं. तापवल्यामुळे बहुतेक जिवाणू मरतात आणि मुरणं थांबतं. असं चीज गरम असतानाच बंद केलं की महिनोन् महिने टिकतं. अमेरिकेत जेम्स क्राफ्टनं स्वतःच्या वेगळ्या पद्धतीचं पेटंट १९१६ मध्ये घेतलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं त्याचे डबे मोठ्या प्रमाणात उचलले आणि प्रोसेस्ड चीज जगभर गेलं. युरोपातले चोखंदळ लोक या चीजकडे नाक मुरडतात. मला ते अन्याय्य वाटतं. ज्या मुलखात घराघरात फ्रिज नव्हता, तिथे चीज पोचलं ते केवळ या युक्तीमुळे.

आता खेडा जिल्हा. १९४५ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारनं शहराला दूध पुरवण्यासाठी बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली. दूध येणार होतं आणंदच्या आसपासहून, साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवरून, आणि ते गोळा करायचा मक्ता पोल्सन या खाजगी डेअरी कंपनीकडे. शहरातल्या भावाचा वाटा शेतकऱ्याच्या हाती येईना. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली, आपलीच सहकारी संस्था काढायचं ठरलं आणि सरकार ती मान्य करीना तेव्हा शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घातलं नाही. मुंबईचा पुरवठा आटला आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. हाच पुढे अमूल म्हणून ओळखला गेला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. १९४९ मध्ये तिथे वर्गीस कुरियन आले, आणि मिशिगनमध्ये शिकत असतानाचे त्यांचे मित्र हरिचंद दलाया यांनाही त्यांनी बोलावून घेतलं.

ही हकिकत आपल्याकडे अनेकदा सांगितली जाते, पण तिचा चीजशी जोडलेला धागा बहुधा सुटतो. तो धागा म्हणजे हिवाळा. म्हशी पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत जास्त वितात, म्हणून थंडीत दुधाचा लोंढा येतो आणि उन्हाळ्यात ओघ आटतो. खेडा जिल्ह्यात हिवाळ्याचं दूध उन्हाळ्याच्या दुपटीहून अधिक असायचं. मुंबईला मात्र बारा महिने साधारण तेवढंच दूध लागायचं. जास्तीचं दूध स्कीम घेईना. ते फुकट जाऊ द्यायचं नसेल तर त्याचं टिकाऊ काहीतरी करणं भाग होतं. भुकटी आणि लोण्याचा कारखाना ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. दलायांनी ती करून दाखवली. पुढे १९६० मध्ये नवा विभाग उभा राहिला. वर्षाला २,५०० टन बालान्न आणि ६०० टन चीज, दोन्ही म्हशीच्या दुधापासून.

म्हशीच्या दुधाचं चीज म्हटलं की लोकांना इटलीचं मोझरेला आठवतं. पण ते ताजं खायचं चीज. चेडरसारखं मुरवायचं चीज म्हशीच्या दुधातून काढणं वेगळं काम आहे. गाईच्या दुधात स्निग्धांश चारेक टक्के, म्हशीच्या दुधात सहा ते आठ. केसीन हे प्रथिनही जास्त, कॅल्शियमही जास्त. दही लवकर आणि कडक धरतं, पाणी कमी राखतं आणि म्हणून मुरताना चव सावकाश उतरते. शिवाय म्हैस चाऱ्यातलं कॅरोटीन दुधात जवळजवळ उतरूच देत नाही, त्यामुळे चीज पांढरंफटक होतं. पिवळसर छटा आणायची तर रंग घालावा लागतो. अशा चीजला प्रोसेसिंग फार सोयीचं पडलं: कोवळं आणि मुरलेलं चीज एकत्र करून, सायट्रेट घालून तापवलं की पोत सारखा, मीठ नीट लागलेलं, आंबटपणा बेताचा आणि दुधाची जाड, सायीसारखी चव मागे राहिलेली. भाचीला आइंडहोव्हनमध्ये न सापडणारी चव ती हीच. गाईच्या दुधाच्या प्रोसेस्ड स्लाइसमध्ये ती सापडत नाही, आणि उत्तम मुरलेल्या गौडामध्ये तर ती असायचं कारणच नाही.

अमूल चीजचा डबा बाजारात आला तेव्हा परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीवर कडक परवाने होते. विलायती चीज दुर्मीळ. गोदरेजनं पहिला भारतीय फ्रिज १९५८ मध्ये काढला होता, पण तो घरी असणं ही मोठी गोष्ट होती. उघडेपर्यंत फ्रिज न लागणारा डबा त्या काळाला चपखल बसला. आमच्याकडे सत्तरच्या दशकात तो वाढदिवसाला यायचा. आई चीजचे इवले तुकडे करून अननसाच्या फोडीबरोबर काडीला टोचायची आणि त्या काड्या बटाट्यात नाहीतर कोबीत खोचून ताट सजवायची. रिकामा डबा पुढे कित्येक वर्षं जिऱ्या-मोहरीसाठी.

चीजला रस्त्यावर आणलं ते मात्र मुंबईच्या सँडविचवाल्यानं. लोणी, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, वरून मसाला, आणि टोस्टरमधून काढलेल्या सँडविचवर किसलेल्या चीजचा ढीग. ते चीज वितळून गेलेलं नसतं. वरचे धागे कोरडे राहतात, खालचे तेवढे पावाला चिकटतात. किसताना ते भुगा होत नाही, चिकटही होत नाही. पुढे ते डोशात, पावभाजीवर, फ्रँकीत शिरलं. चटणीतली मिरची आणि मसाल्यातला चाट-आमचूर सहन करेल एवढंच सौम्य ते आहे. भाचीनं औद गौडा किसून पाहिलं, तर चटणीशी त्याची खुन्नस झाली. योंग घातलं तर वितळून तेल सुटलं. मोझरेलाचे लांब दोर निघाले.

शाकाहारी मंडळींसाठी आणखी एक अडचण असते, आणि ती चवीपेक्षा मोठी आहे. चीजचं दही धरायला पारंपरिक रेनेट लागतं ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढलेलं. पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजच्या नियमांत तर तेच वापरायचं बंधन आहे. १९६० च्या दशकात जपानमध्ये बुरशीपासून मिळणारं रेनेट पुढे आलं आणि १९९० मध्ये अमेरिकेनं जैवतंत्रानं केलेल्या कायमोसिनला, म्हणजे रेनेटमधल्या दही धरणाऱ्या एन्झाइमला, मान्यता दिली, त्यामुळे आज जगातलं पुष्कळ चीज वासराशिवायच होतं. पण वेष्टनावरून ते कळेलच असं नाही. अमेरिकेत नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलं तरी चालतं. भारतात २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत वेष्टनावर हिरवा ठिपका सक्तीचा झाला आणि अमूलच्या वेष्टनावर मायक्रोबियल रेनेटचा उल्लेख असतो. माझी आई भाचीकडे गेली होती तेव्हा तिनं महिनाभर चीजला हात लावला नाही. तिला चव नको होती, तिला तो ठिपका हवा होता.

सगळ्यांची घरची चव अमूलचीच असते असंही नाही. गोव्यातल्या आणि रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत चीज आलं ते आखातातून. कुवेत, बहारीन, दुबईला गेलेला माणूस सुट्टीवर परतला की बॅगेत टँग, निडो आणि क्राफ्टच्या चीजचा निळा डबा असायचा. आखातातल्या उन्हात टिकलेला तो डबा कोकणातही टिकायचा. त्या घरातली मुलं आज लंडनला किंवा टोरांटोला असतील तर ती तो निळा डबा शोधत अरबी किराणा दुकानात शिरतात. घरची चव म्हणावी ती आधीच परदेशी, आणि तरी तिच्यात बाबांच्या येण्याचा वास मिसळलेला.

मिळणं-न मिळणं हे शेवटी नियमांवर येऊन थांबतं. आखातात, सिंगापुरात, अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत अमूलचं चीज मिळतं. २०२४ मध्ये अमूलनं मिशिगनच्या दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेबरोबर अमेरिकेत ताजं दूधही विकायला घेतलं. कुरियन आणि दलाया ज्या राज्यात शिकले तेच हे राज्य. युरोपीय संघाचं दार मात्र भारतीय दुधाच्या पदार्थांना बंद आहे. लाळ्या-खुरकूत आपल्या गुरांत अजून आहे, आणि दुधात उतरणाऱ्या औषधांच्या अंशांबाबतही त्यांचे नियम कडक आहेत. प्रवाशाच्या बॅगेतूनही युरोपबाहेरचं दूध, चीज, मांस नेता येत नाही. मी एकदा अजाणता बेसनाच्या लाडवांखाली क्यूबचा एक डबा ठेवला होता, तो विमानतळावर काढून घेतला गेला. त्या अधिकाऱ्याचं काम चोख होतं. लाळ्या-खुरकुतीनं गोठे कसे रिकामे होतात हे आपल्याकडच्या कुठल्याही गोठेवाल्याला विचारावं.

भाचीनं शेवटी थूनचाच रस्ता धरला. सोडियम सायट्रेट ऑनलाइन मिळतं. दोनशे ग्रॅम योंग आणि शंभर ग्रॅम बेलेगन किसून, पाऊण वाटी दुधात सात-आठ ग्रॅम सायट्रेट विरघळवून, मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी गाठी दिसतात, घाबरायचं नाही. दोन-तीन मिनिटांत सगळं चकचकीत होतं. त्यात चमचाभर साय आणि चवीपुरतं मीठ. तुपाचा हात लावलेल्या डब्यात ओतून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वडी कापावी तशी ती कापली जाते आणि जाड किसणीवर नीट किसली जाते.

मी तिथे असताना आम्ही दोघींनी ते केलं. चटणीला कोथिंबीर तुर्की दुकानातली, बीट डच, पाव जरा जाडसर. तिनं पहिला घास घेतला, बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, “मीठ बरोबर आहे. म्हैस नाहीये.” मग दुसरं सँडविच लावायला घेतलं.