शरीराबाहेर गेल्यासारखं नक्की का वाटतं?
ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी बसतात तिथे हा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच, ऑपरेशनच्या वेळी मी वरून स्वतःलाच बघत होतो म्हणून. मग अर्धे म्हणतात बघा आत्मा असतो, अर्धे म्हणतात काहीही सांगतात. मला दोन्ही पटत नाही, कारण असा अनुभव खरंच येतो आणि तो मेंदूतून येऊ शकतो याचा चांगला पुरावा आहे.

2002 साली स्वित्झर्लंडमध्ये मेंदूचे अभ्यासक ओलाफ ब्लँके यांच्या टीमने फिट्स येणाऱ्या एका बाईंच्या मेंदूवर, फिट्स कुठून सुरू होतात ते शोधायला इलेक्ट्रोड लावले होते. उजव्या कानाच्या वर, जरा मागे, अँग्युलर गायरस नावाचा भाग आहे, तिथे बारीक करंट दिला तर त्यांना आधी वाटलं आपण बेडमध्ये आत चाललोय, करंट वाढवल्यावर म्हणाल्या मी वरून स्वतःला बघतेय पण फक्त पाय आणि कमरेकडचा भाग दिसतोय. पुन्हा करंट, पुन्हा तेच! डोळे, त्वचा, सांधे आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र यांची माहिती त्या भागात जुळवली जाते, ती जुळणी बिघडली की "मी इथे आहे" हेच हलतं.

हे शरीराचं भान कसं फसतं ते घरी करून बघायचं असेल तर 1998 चा रबरी हाताचा प्रयोग सोपा आहे. मी भाचीवर केला. तिचा हात खोक्यामागे लपवला, समोर कापूस भरलेला भांडी घासायचा ग्लोव्ह ठेवला आणि दोन ब्रश एकाच वेळी दोन्हीकडे फिरवत राहिले, थोड्या वेळाने ग्लोव्हवर लाटणं उगारलं तर तिने खोक्यामागचा हात झटकन ओढला. दोन ब्रश एकाच वेळी न फिरवता वेगवेगळ्या वेळी फिरवले तर मात्र हा भास खूपच कमी होतो.

2007 मध्ये हेन्रिक एहर्सन या मेंदूच्या अभ्यासकाने हेच अख्ख्या शरीरावर केलं. माणूस खुर्चीत, पाठीमागे कॅमेरे, डोळ्यांवर स्क्रीन, त्यामुळे स्वतःचीच पाठ दिसते. छातीला काठी लावायची आणि तेव्हाच कॅमेऱ्यांसमोरही तशीच काठी हलवायची. लोकांना वाटायला लागलं आपण मागे बसलोय, आणि त्या रिकाम्या जागेवर हातोडा फिरवल्यावर घाम फुटला तो खुर्चीतल्या शरीराला.

म्हणून कोणी असा अनुभव सांगितला तर प्लीज वेड्यात काढू नका. मायग्रेन आणि फिट्समध्येही असं होऊ शकतं, वारंवार होत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवून घ्या.