हिवाळ्याआधीची हीटिंग तपासणी: ही कामं आली कुठून?

थंडी पडण्याआधी घरातली हीटिंग व्यवस्था तपासायची म्हटलं की ठरलेली कामं पुढे येतात. धुराडं साफ करा, रेडिएटरमधली (म्हणजे आत गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांतली) हवा काढा, पाणी तापवणाऱ्या बॉयलरचा दाब बघा, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजतो का ते बघा. ही यादी कुणी एका बैठकीत केलेली नाही. घर गरम करायची रीत जशी बदलत गेली, तसं एकेक काम तिला चिकटत गेलं. आणि आग माणसाच्या नजरेआड जसजशी गेली, तसतशी मुद्दाम तपासायची गरज वाढली.

यातलं सर्वांत जुनं काम धुराड्याचं. युरोपात भिंतीतली धुराडी साधारण बाराव्या शतकापासून दिसतात आणि सामान्य घरांत ती सोळाव्या-सतराव्या शतकांत पोचली. धूर बाहेर गेला, काजळी मात्र आतच राहिली. लाकडाच्या धुरातून साचणारा डांबरासारखा थर पेटला तर धुराड्यासकट घर जातं. इंग्लंडमध्ये कोळसा आला, धुराडी अरुंद झाली आणि ती साफ करायला लहान मुलांना आत चढवलं जाऊ लागलं. या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी आहे, हे पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये दाखवलं. १७८८ मध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी झाली, पण ती कुणी मनावर घेतली नाही. पुढचे कायदेही बहुतेक कागदावरच राहिले. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कुठे धुराडी साफ करणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. लांब दांड्याचे ब्रश त्याआधी कितीतरी वर्षं मिळत होते. अडचण साधनांची नव्हतीच.

आग खोलीबाहेर न्यायची कल्पना त्याहून जुनी आहे. रोमन स्नानगृहांत फरशी खांबांवर उचललेली असे आणि भट्टीतला तापलेला वायू तिच्याखालून फिरे. कोरियातली ओन्दोल ही फरशी तापवायची पारंपरिक पद्धत याच तत्त्वावर चाले. विसाव्या शतकात तिथे लाकडाऐवजी कोळशाच्या विटा जाळायला लागले, तेव्हा फरशीच्या बारीक भेगांतून कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या खोलीत शिरून पुष्कळ माणसं दगावली. आग दिसत नव्हती, विषारी वायूला वास नव्हता.

मग पाणी आलं. मार्टेन ट्रीव्हाल्ड या स्वीडिश अभियंत्याने १७१६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एक काचगृह गरम पाण्याच्या नळ्यांनी उबदार ठेवलं. १७७७ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोनमॅंने हीच युक्ती कोंबडीची पिलं उबवायला वापरली. म्हणजे माणसांच्या आधी रोपं आणि पिलं सुखी झाली. सेंट पीटर्सबर्गला फ्रान्झ सान गाली याचा रेडिएटर आला तो १८५० च्या दशकात.

आजच्या यादीतली बरीच कामं या पाण्यानेच आणली. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते आणि रेडिएटरच्या वरच्या भागात अडकते, म्हणून तो वर गार राहतो. तो खाली गार राहिला तर कारण वेगळं असतं: लोखंडाशी ऑक्सिजनची क्रिया होऊन तयार झालेला काळा गाळ. पहिल्यावर किल्लीने हवा सोडणं हा उपाय, दुसऱ्याला ती किल्ली काहीच करत नाही. पाणी तापलं की फुगतंही. पूर्वी त्यासाठी माळ्यावर उघडी टाकी असे. नंतर रबरी पडदा असलेली बंद टाकी आली आणि तिच्याबरोबर दाबाचा काटा. गार असताना तो साधारण १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास असावा. काटा वारंवार खाली येत असेल आणि आपण नुसतं पाणी भरत असू, तर दर वेळी ताजा ऑक्सिजन आत सोडून गंजच पोसत असतो. अशा वेळी आधी गळती शोधावी.

दरवर्षी जाणकाराकडून बॉयलर तपासून घ्यायची शिस्त मात्र घरातून आली नाही, ती कारखान्यातून आली. १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन इथे बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून ५८ जण मेले. त्यानंतर तिथे बॉयलरचे कायदे झाले आणि त्यातूनच अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर संहिता आली.

तोवर घरातल्या भट्टीकडे जायचं कारणही संपत आलं होतं. अल्बर्ट बुट्झने १८८५ मध्ये मिनियापोलिसला असं यंत्र केलं, की खोली गार झाली की तळघरातल्या भट्टीची हवेची झडप आपोआप उघडे. याआधी कुणीतरी जिना उतरून ते करायचं आणि जाता-येता भट्टीची अवस्थाही त्याच्या नजरेखालून जायची. माझ्या मते वार्षिक तपासणीची खरी गरज इथे निर्माण झाली, जरी तिचा विचार करायला लोकांना आणखी बरीच वर्षं लागली.

डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्याने हजारो बळी घेतले. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि घराघरांतला कोळसा मागे पडू लागला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनमधली गॅसची उपकरणं नैसर्गिक वायूसाठी बदलली गेली. कोळशापासून केलेल्या जुन्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असायचाच. नैसर्गिक वायूत तो नसतो, पण ज्वलन अपुरं राहिलं तर तयार होतो. त्यात १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवायला लोकांनी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, तेव्हा जळायला लागणारी हवाही अडली. शिकागोने १९९४ मध्ये घरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा केला.

अगदी अलीकडचं काम कंडेन्सिंग बॉयलरचं. धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता तो वापरतो. इंग्लंडमध्ये २००५ पासून नव्या गॅस बॉयलरसाठी हाच प्रकार जवळपास सक्तीचा झाला. त्यातून निघणारं पाणी एका बारीक नळीने बाहेर जातं आणि २०१० च्या डिसेंबरातल्या थंडीत अशा असंख्य नळ्या गोठून बॉयलर बंद पडले. तेव्हापासून त्या नळीला आवरण घालणं यादीत आलं. काही न जाळता बाहेरची उष्णता आत आणणारा हीट पंप बसवला की धुराडं यादीतून जातं आणि बॉयलरच्या धुराची धास्तीही. पाण्याचा दाब, हवा आणि गाळ तसेच राहतात, आणि बाहेरच्या युनिटभोवतीचा पालापाचोळा काढायचं एक काम वाढतं.